कोरी चूल

फुलसावंगी
८ जानेवारी २००६

माही खाट अजून आली नाही. तुह्या मंडळाचे पोट्टे परवा जीपमधून उतरले, माठातलं पाणी प्यायले, आन् "आजी, कॅम्पची उंची मोजाची आहे, जरा खाट द्या" म्हणून अंगणातली खाट उचलून घेऊन गेले. उभी करून तिच्यावर चढले असतील. मोजमाप झालं, जीप गेली, खाट तिथंच राह्यली. मी भुईवर निजून राह्यली. म्हातारीची खाट परत कराची अक्कल नाही, आन् म्हणे जिल्ह्यातले तरुण सुधरवून राह्यले.

ममताले आजीचा जय भीम. मी बरी आहे. तू बरी असशीलच, नसती तर लिहिलं असतं.

फोन कर म्हणू नको. बबनरावच्या दुकानातल्या डब्ब्यावर मी बोलत नाही. तिथं सारे कान लावून बसतात, आन् फोनवर माणूस "बरं आहे, बरं आहे" याच्यापलीकडे जात नाही. साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं घोटली ती काही एसटीचा बोर्ड वाचाले नाही.

पोट्टे म्हणत होते का कॅम्पात तुमच्या मंडळाचं मुख्य कार्यालय होणार. कोणता कॅम्प, हे त्यायले माहीत आहे काय? बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं, तेव्हा सरकारनं मजुरायसाठी ती लांब इमारत बांधली. तुहा आजा आन् मी तिथं राहून माती वाहिली. काम संपलं तसे सारे निघून गेले. आता तिथं वटवाघळं राहतात आन् दुपारच्या वक्ती बकऱ्या. तिथं कार्यालय कायले? यवतमाळले जागा कमी पडली काय?

खरं काय ते लिहिजो. खाटेचंही लिहिजो.

इंदूबाई


यवतमाळ
१७ जानेवारी २००६

प्रिय आजी,

जय भीम. खाटेबद्दल मी सगळ्यांच्या वतीने माफी मागते. ती आमच्या सचिवाने, इंद्रजितने नेली होती. त्याला मी इतकी बोलले की तो आता खाट हा शब्द ऐकला तरी उठून उभा राहतो. सोमवारी तो स्वतः आणून देईल.

कॅम्पचं खरं आहे. पंचायतीने ती इमारत मंडळाला वापरायला दिली आहे. सभेत पुष्कळ जण म्हणाले, कार्यालय शहरात हवं. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी काम करतो ती मुलं खेड्यात आहेत. कापसाच्या गावांतली पोरं शाळा सोडून घरी बसलीत, काही घरांत तर त्यांना विचारणारं मोठं माणूसच उरलेलं नाही. त्यांना यायला जवळची जागा पाहिजे. शेवटी सगळ्यांनी ऐकलं.

मग प्रश्न आला, तिथे राहणार कोण. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी राहीन. काम पूर्ण झालं की मी सामान घेऊन तिथेच येणार आहे, आजी. तुझं घर हाकेवर आहे. मला लहानपणापासून तूच सांभाळलंस. आई गेली, बाबांनी निजामाबादला दुसरं घर केलं, तेव्हा मला घेऊन जाणारं दुसरं कोण होतं? आता मी जवळ येते.

तोवर एक काम कर. धावजी मिस्त्री काम घेतोय. तू रोज एक चक्कर मारून त्याच्यावर लक्ष ठेव. तुझ्या तोंडाला तो घाबरतो असं ऐकलं आहे.

तुझी ममता


फुलसावंगी
५ फेब्रुवारी २००६

ममताले आजीचा जय भीम.

खाट आली. सुतळी ढिली करून आणली, पण आली. तुहा इंद्रजित दारात उभा राहून नमस्कार करत होता. मी म्हटलं, बाबू, नमस्कार राहू दे, पायाकडून सुतळी ओढ. ओढली त्यानं. पोरगा वाईट नाही, फक्त हातानं काम केलेलं दिसत नाही.

मी रोज कॅम्पवर जातो. सकाळी जातो, जेवाले घरी येतो, पुन्हा जातो. धावजी म्हणते, "काकू, तुमची हजेरी लावू काय?" मी म्हटलं, लाव, आन् तुही खाडे मोज. वटवाघळं निघाली. छपरावरचे कवेलू उतरवले, फुटके बाजूले काढले. आतमधले कुड पाडले. तुले आठवते काय, पऱ्हाटीचे कुड? कापूस वेचून झाला का उरलेल्या पऱ्हाट्या उभ्या गुंफाच्या आन् दोन्ही अंगानं शेणामातीनं लिपाचं. तशाच कुडायनं त्या लांब इमारतीच्या खोल्या केल्या होत्या, एकेका घराले एक. कुडातून सारं ऐकू येत होतं. एकीची भाकर करपली का साऱ्या कॅम्पले माहीत. रुखमाबाई न् तिचा नवरा भांडले का आम्ही इकडून निकाल देत होतो. पाडताना मले काही वाटलं नाही. भिंतीत उंदरायनं घर केलं होतं. पण कुड पडल्यावर मी तिथं उभी राह्यली, खोकलली, तर तो खोकला पार त्या टोकाले गेला आन् परत आला. एवढी मोठी होती ती जागा, हे तेव्हा समजलंच नव्हतं.

धावजीनं मले तुमचा नकाशा दाखवला. मोठा हॉल आहे, कॉम्प्युटरची खोली आहे, दोन संडास आहेत, बोर्डाची जागा आहे. चूल कुठं आहे? जिथं माणूस राहणार तिथं चूल नाही, असं घर मी पाहिलं नाही. धुपट लागलं नाही तर सागाच्या लाकडाले वाळवी खाते. कवेलूखाली रोज धूर गेला पाहिजे. हे तुह्या लोकायले सांग.

परवा पेपरवाला आला होता. सध्या आपल्या जिल्ह्यात पेपरवाले एसटीपेक्षा जास्त. कॅम्पचा फोटो काढाचा म्हणे, मले समोर उभं केलं. "आजी, थोडं उदास पाहा." मी म्हटलं, बाप्पा, माहं तोंड असंच आहे, याच्यापेक्षा जास्त उदास पाहाचं असल तर आरशात पाह्य.

कोपऱ्याच्या खोलीले खिडकी आहे, तलावाकडून वारा येते. तू तिथं निजशील का हॉलच्या बाजूच्या खोलीत? ते लिही म्हणजे धावजीले खुंट्या ठोकाले सांगतो.

इंदूबाई


यवतमाळ
२० फेब्रुवारी २००६

प्रिय आजी,

जय भीम. तुझं पत्र आम्ही सभेत वाचून दाखवलं. पेपरवाल्याच्या गोष्टीवर सगळे खूप हसले.

रंगाचं ठरलं. बाहेरून फिकट पिवळा, दारं-खिडक्या हिरव्या. कोणी निळा म्हणत होतं, पण निळा लवकर उडतो. हॉलमध्ये खालून छातीपर्यंत गडद रंग, म्हणजे पोरांच्या हातांचे डाग दिसणार नाहीत. बोर्ड लोखंडी करायचा की भिंतीवर रंगवायचा यावर अजून भांडण चालू आहे. उद्घाटन १४ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी.

चुलीचं मात्र राहू दे. कोपऱ्याच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवायचे आहेत, धूर चालणार नाही. जेवणाचं काय, गावातून डबा येईल. वाळवीला औषध मारू.

खुंट्यांची घाई करू नकोस. सामानाचं नंतर पाहू. इकडे काम खूप आहे. रोज कुठल्या ना कुठल्या गावी जावं लागतं. या आठवड्यात कळंबच्या बाजूला होते, त्याआधी नेरकडे. घरोघरी जाऊन बसायचं असतं. परत आले की जेवण जात नाही.

तू जेवतेस ना वेळेवर?

ममता


फुलसावंगी
११ मार्च २००६

मी एक विचारलं, तू रंगाचं लिहिलं. कुठं निजशील, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं.

ममताले जय भीम.

चूल बांधली. कोपऱ्याच्या खोलीतच. धावजी म्हणे, नकाशात नाही. मी म्हटलं, नकाशा त्या पोट्ट्यायचा, माती माही. त्यानं आपल्या मनानं मोठी बांधली, कॅम्पच्या मानानं. त्याले वाटलं लोक जेवाले बसतील. धूर जाले वरचे दोन कवेलू उचलून ठेवले. आता खरं सांगतो. धावजी म्हणत होता का औषध मारलं तर वाळवी लागत नाही, धुराची गरज नाही. त्याचं खरं आहे. मी त्याले चूप बस म्हटलं. मले वाळवीची कायची पडली आहे?

चूल कोरी आहे. लिपली, सारवली, वाळू दिली. पेटवली नाही. नवी चूल त्या घरात राहणाऱ्या बाईनंच पहिल्यांदा पेटवाची असते, दुसऱ्याचा हात लागला का त्या घरात दुसऱ्याचंच चालते. हे काही बाबासाहेबायनं सांगितलं नाही, माह्या सासूनं सांगितलं. तुले खरं वाटो का खोटं. तू आली का पेटवजो. मी पऱ्हाट्या आणून भिंतीशी रचून ठेवल्या. या साली पऱ्हाट्या म्हणशील तितक्या भेटतात. कापसाले कोणी विचारत नाही, सारे लवकरच उपटून मोकळे झाले.

आपली गल्ली रिकामी आहे. ऊसतोडीवर गेलेले अजून आले नाहीत. समोरची विजयमाला तेवढी आहे, तिचा पाय सुजला म्हणून राह्यली. आम्ही दोघी दोन ओट्यायवर बसतो. ती रोज तेच सांगते, मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. मी एकदा भाजीत मीठ टाकाले विसरली, ते सांगाले कोणी नव्हतं म्हणून तशीच खाल्ली.

खिडकीजवळ खुंट्या ठोकल्या. तुह्या उंचीच्या.

इंदूबाई


यवतमाळ
२८ मार्च २००६

आदरणीय आजींना,
सस्नेह जय भीम व नमस्कार.

मी इंद्रजित, मंडळाचा सचिव. खाट नेणारा.

काल मी काम पाहायला आलो होतो, तेव्हा तुम्ही बाजाराला गेल्या होत्या. इमारत ओळखू येत नाही इतकी छान झाली आहे. तुम्ही नसता तर हे काम एवढ्या लवकर झालं नसतं, हे मी सभेतही सांगितलं.

एक विनंती आहे. कोपऱ्याच्या खोलीत चूल झालेली दिसली. तिथे कॉम्प्युटरची टेबलं लागायची आहेत. चूल काढून घ्यायला तुमची हरकत नसावी. ममताताई तिथे राहणार होत्या तोवर स्वयंपाकाची काहीतरी सोय करावी लागली असती. पण आता त्या पुण्याला जात असल्यामुळे तिथे मुक्कामी राहणारं कोणीच नाही. कार्यालय सकाळी उघडून संध्याकाळी बंद करायचं असं ठरलं आहे. किल्ली गावातल्या कोणाकडे तरी ठेवू.

ताई गेल्यावर आम्हाला खूप जड जाणार आहे. तुम्हाला तर जाईलच. पण पुण्याच्या संस्थेत त्यांना चांगली जागा मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे.

उद्घाटनाला तुम्ही पुढच्या खुर्चीत बसावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आपला नम्र,
इंद्रजित


फुलसावंगी
१९ एप्रिल २००६

पाहुण्यायसाठी आणलेला पेढ्यांचा डब्बा तुम्ही माह्या घरी विसरून गेले. मी तो उघडला नाही. मुंग्यायनं उघडला.

ममता,

तुहं भाषण चांगलं झालं. पुढच्या खुर्चीत बसवलं त्यामुळं मले सारं ऐकू आलं. "ही इमारत आता आपल्या सगळ्यांचं घर आहे," असं तू म्हटलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, बाजूचा माणूस पाहून राह्यला होता.

तू हॉल दाखवला. संडास दाखवले. बोर्ड दाखवला. कोपऱ्याच्या खोलीच्या दारापर्यंत आली, आन् "इकडे अजून काम बाकी आहे" म्हणून साऱ्यायले घेऊन माघारी फिरली. तिथं काही काम बाकी नव्हतं. मी सकाळीच सारवून आली होती. तुले वाटलं मी दाराशी नव्हती. मी होती.

दुपारी जीप निघाली तेव्हा तू माह्या पाया पडली. एरवी तू गळ्यात पडते.

तू पुण्याले चालली, हे मले इंद्रजितच्या पत्रातून आधीच समजलं होतं. त्याच्यावर रागावू नको. त्याले वाटलं, नातीनं आजीले सांगितलं असलच. कोणालेही तेच वाटल. मी काही बोलली नाही, कारण मले पाहाचं होतं का तू सांगते काय. चार घास जेवेपर्यंत वाट पाह्यली. तू म्हटलं, वांग्याची भाजी झकास झाली.

मी तुले अडवत नाही. पण रंगाचं कायले लिहीत होती? पिवळा का निळा, मले काय कराचं होतं? ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी एक कार्ड टाकाचं. मी खुंट्या ठोकल्या नसत्या. भिंतीले भोकं पडली ना फुकट.

इंद्रजितले सांग, चूल निघणार नाही.

इंदूबाई


पुणे
२ मे २००६

आजी,

चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मी सभेत म्हटलं होतं की मी राहीन, ते खोटं नव्हतं. जानेवारीत मला तसंच वाटत होतं. पण तेव्हाच घरभेटींचं काम माझ्याकडे आलं. कुठल्याही गावात शिरलं की आधी विचारायचं, कर्जापायी जीव देऊन कोणाच्या घरी कोण गेलं. मग त्या घरी जाऊन बसायचं. कोपऱ्यात पोरं बसलेली असतात, माझ्या बॅगेकडे बघत. त्यांना वाटतं मी काहीतरी घेऊन आले. मी त्यांची नावं आणि इयत्ता विचारून येते. फुलसावंगीला राहायला आले असते तर सकाळ-संध्याकाळ तेच केलं असतं. एक दिवस मला चहाचा कप धरता येईना, हात थरथरत होता. त्याच आठवड्यात पुण्याच्या संस्थेचं बोलावणं आलं. मी हो म्हटलं.

मला काही दिवस अशा गावात राहायचं आहे, जिथे कोणाच्या दारात शिरताना आधी तो प्रश्न विचारावा लागत नाही.

तुला का सांगितलं नाही? तू "जा" म्हणाली असतीस. रागावली असतीस तर मी थांबले असते, किंवा भांडून गेले असते. पण तू "जा" म्हणाली असतीस आणि खिडकीजवळ खुंट्या ठोकत राहिली असतीस. ते मला बघवलं नसतं. म्हणून रंगाचं लिहीत बसले.

चूल मी पाहिली होती, आजी. दारातून दिसली. काठाला तुझ्या बोटांचे ठसे होते. मी आत आले असते तर पुण्याची गाडी चुकली असती.

इथे मी दोन मुलींबरोबर राहते. एकटी नाही. तरी एकटीच आहे. दिवाळीला येईन. नक्की म्हणत नाही, कारण तू आता माझ्या नक्कीवर विश्वास ठेवणार नाहीस.

ममता


फुलसावंगी
२० मे २००६

पत्राले तिकीट कमी लावलं होतं, पोस्टमननं माह्याकडून भरून घेतलं. पुण्याले गेली आन् तिकीट लावाचं विसरली काय?

ममताले आजीचा जय भीम.

तू लिहिलं ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा विजयमालाले वाचून दाखवलं, पण हात थरथरण्याचं गाळलं. ती साऱ्या गावाले सांगते.

गेली ते बरं केलं. हे मी रागानं म्हणून नाही राह्यली. बहात्तर साली मी पण कॅम्पावर आली होती तेव्हा पोट भराले आली होती, कोणाले सुधरवाले नाही. माणसाचा हात थरथरला तर त्यानं पहिले हात सांभाळावा. माहं एवढंच म्हणणं आहे का मले आधी सांगाचं होतं. मी "जा" म्हटलं असतं हे तुले बरोबर समजलं. खुंट्या ठोकत राह्यली असती हे पण बरोबर. मंग त्यात काय बिघडलं असतं? मले काम भेटलं असतं.

आता इकडचं ऐक. कॉम्प्युटरची टेबलं घेऊन इंद्रजित आला होता. चूल पाहून डोकं खाजवत उभा. म्हणे, "आजी, इथे राहणारं कोणी नाही ना." मी म्हटलं, आहे. म्हणे, कोण? मी म्हटलं, खाट आणून दे मंग सांगतो. त्याले समजाले वेळ लागला. मंग त्यानंच माह्या घरून खाट उचलून आणली. या वक्ती सुतळी घट्ट होती. टेबलं हॉलच्या बाजूच्या खोलीत लावली. किल्ली माह्याकडे आहे. माह्या घराले मी कुलूप लावलं. तिथं कोणी येत नव्हतं, मी बाहेर निघाल्यानं कोणाचं अडलं नाही.

चूल काल पेटवली. तुही वाट पाहून कोरी ठेवली होती. काल सकाळी मी तिच्यासमोर बसली आन् म्हटलं, या घरात राहणारी बाई कोण आहे, तर मीच. सासूचा नियम मोडला नाही.

पऱ्हाट्या कडक वाळल्या होत्या. भसकन पेट घेतला. उचललेल्या कवेलूतून धुराचा लोंढा निघाला तो असा का साऱ्या गावाले दिसला. इतक्या सालात कॅम्पातून धूर निघाला नव्हता. लोकायले वाटलं, मंडळाच्या नव्या कार्यालयाले आग लागली. बादल्या घेऊन धावले. बबनराव दुकान उघडं टाकून आला. धावजी तर आपलंच काम जळालं म्हणून ओरडत आला. विजयमाला सुजल्या पायानं आली, हातात पाण्याचा गडवा. मी दारात उभी. म्हटलं, या, भाकर टाकून राह्यली, पाणी आणलंच आहे तर माठात ओता.

मंग कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. चूल मोठी आहेच, मी साऱ्यायचा चहा मांडला. लोक हॉलमध्ये भुईवर बसले. धावजीनं कवेलू कसे बसवले ते सांगितलं, बबनरावनं सरकारले शिव्या घातल्या, विजयमालानं तिचं रोजचं सांगितलं. मंडळाचे पोट्टे आले ते पण बसले. आवाज होता. हॉल तेवढा मोठा वाटला नाही.

मंग सारे गेले. कोणाची गुरं होती, कोणाचं दुकान. कप मी एकटीनं धुतले.

तुह्या खुंट्या काढल्या नाहीत. माह्यासाठी खाली एक ठोकली, तिच्यावर माहं लुगडं टांगलं. बाकीच्या तुह्या उंचीच्या आहेत, माहा हात पोचत नाही. त्या रिकाम्या आहेत. दिवाळीले ये नाहीतर नको येऊ, खुंटीले काही खावं लागत नाही.

इंद्रजित सांगत होता का ताईचा फोन आला होता, आजी कशी आहे ते विचारत होत्या. मी त्याले म्हटलं, तिले माही आठवण येत असल तर तिनं मले विचारावं, तुले काहून?

म्हणून या पत्राचं उत्तर तू लिहाचं. इंद्रजितच्या तोंडून निरोप नको, बबनरावच्या डब्ब्यावर फोन नको. पुण्यातल्या त्या खोलीत तुम्ही कशावर रांधता, पहिल्या दिवशी कोणं पेटवलं, आन् तुहा हात आता कसा आहे, हे तुह्याच हातानं लिहिजो. अक्षर वाकडं आलं तर मी समजून घेईन. तिकीट पूर्ण लावजो.

इंदूबाई